भूल आणि जागल

आमच्या धंद्यात रोज सकाळी एक प्रश्न विचारला जातो. ऑपरेशन थिएटरच्या दारात चपला काढता काढता कधी सिस्टर विचारते, कधी वॉर्डबॉय. "आज भूल कोणाची?" नवख्या माणसाला वाटेल, काहीतरी बिघडलंय आणि आता कुणाच्या नावावर खापर फोडायचं ते चाललंय. तसं काही नसतं. आज पेशंटला भूल देणारा डॉक्टर कोण, एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं. "माझी," असं म्हणून मी आत जाते. आयुष्यातली कितीतरी वर्षं मी रोज सकाळी असा कबुलीजबाब देत आले आहे.

मी यवतमाळात राहते आणि बोलावतील त्या दवाखान्यात जाते. आठवड्यातून एकदा दारव्ह्यालाही असते. आमच्याकडे मला भूलतज्ज्ञ वगैरे कोणी म्हणत नाही, 'बेहोशीवाली मॅडम' म्हणतात. ऑपरेशन नीट झालं की सर्जनला पेढे मिळतात, आणि दारव्ह्याच्या बाजारात मी ओळखीचं हसले की त्याच पेशंटची बायको पदर सावरून विचारते, "तुमी कोन वो?" माझी तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण तिचं मी लोणचं घालून ठेवलंय. ज्याला काहीच आठवत नाही त्याची भूल चांगली दिली गेली, हे आमच्या कामाचं प्रमाणपत्र.

माझ्या आईला मात्र माझ्या धंद्याचं भारी कौतुक. मी तिला माय म्हणते. ती आणि बाबा बोरी अरबला असतात. बाबा शाळेत मास्तर होते, आता रिटायर आहेत. घर विहाराला लागून, आणि गावाबाहेर थोडं शेत. कोणी पाहुणा आला की माय हमखास सांगायची, "माही पोट्टी यवतमाळात लोकाईले भूल पाडते." पाहुणा बिचारा माझ्याकडे जरा बिचकून बघायचा.

फोनवर बोलताना ती महत्त्वाचं सगळं शेवटी सांगते. त्या दिवशीही तूर किती झाली, माझ्या मुलीची परीक्षा कशी गेली, शेजारची म्हैस कशी व्याली, सगळं झालं. मग म्हणाली, "अन् हे पाय, छातीत एक गाठ हाय. दुखत नाई. तुले टाइम असन तं पाहून जाजो."

दुसऱ्या दिवशी गेले. आतल्या खोलीत तिला पलंगावर बसवलं आणि हात लावून पाहिलं. गाठ कडक होती, कडा वेड्यावाकड्या, हलत नव्हती. बोटांना लगेच कळलं. बोटांना कळलं आणि मला काहीही वाटलं नाही. मी हात धुतले, पाटावर बसले, वांग्याची भाजी आणि भाकर खाल्ली, भाजी पुन्हा मागून घेतली. माय म्हणाली, "काय हाय?" मी म्हटलं, "तपासावं लागन." आणि गाडी चालवत यवतमाळला परत आले. वाटेत रेडिओवरची गाणीसुद्धा ऐकली.

लोकांना वाटतं बधिर म्हणजे काहीच न कळणं. कमरेत इंजेक्शन दिलेल्या माणसाला विचारा. त्याला हात लावलेला कळतो, आत कोणीतरी ओढतंय हे कळतं, फक्त ते दुखत नाही. पुढचे कितीतरी महिने माझं तसं होतं. सगळं कळत होतं.

तुकडा काढून तपासला. रिपोर्ट बोटांच्या बाजूनेच आला. आधी ऑपरेशन, मग पुढची औषधं, असं ठरलं. सर्जन यवतमाळातलेच, माझ्या रोजच्या ओळखीचे. हात सोन्याचा आणि तोंड फटकळ, अशी ख्याती. माझं त्यांच्याशी चांगलं जमतं, कारण तोंड माझंही काही साखरेत घोळलेलं नाही.

आता मुद्दा असा. कॅन्सरची गाठ काढताना ती कितीही हळुवार हाताळली तरी एखाददुसरी पेशी सुटून रक्तात जाऊ शकते. एरवी शरीर असल्या भटक्या पेशी ओळखून मारतं, त्या कामाला खास पांढऱ्या पेशी नेमलेल्या असतात. पण ऑपरेशनच्या वेळीच नेमका त्यांचा जोर कमी होतो. कापाकापीने शरीर हादरतं, घाबरल्यावर सुटणारी सगळी रसायनं रक्तात उतरतात आणि त्या पेशी काही दिवस मलूल पडतात. त्यात भूल कुठल्या प्रकारची, याचाही वाटा असावा असं म्हणतात. हुंगायला देतो त्या गॅसने या पेशी सुस्तावतात, अफूच्या जातीच्या जोरदार वेदनाशामकांनीही सुस्तावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शिरेतून देतो ते दुधासारखं पांढरं औषध त्या मानाने त्यांना कमी छळतं. आणि जिथे कापायचं तेवढ्याच भागाच्या नसा पाठीतून बधिर केल्या, तर मेंदूपर्यंत बोंबच पोचत नाही. शरीर कमी हादरतं, अफूची औषधंही कमी लागतात.

हे सगळं कागदावर फार छान दिसतं. माणसांत काय होतं? गॅस मिळालेल्यांचा आजार जास्त उलटला आणि सुया टोचलेल्यांचा कमी, असं छातीठोकपणे आजही कोणी सांगू शकत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले त्या सरांनी कॅन्टीनमध्ये चहा पिताना ते पुन्हा सांगितलं.

"पुरावा नाही गं," सर म्हणाले.

"नुकसान आहे का?"

"नुकसान नाही. वेळ जातो आणि सर्जन चिडतो."

"सर्जनला चिडू द्या. तुम्ही द्याल का भूल?"

आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये, असा आमच्यात न लिहिलेला नियम आहे. ऐन वेळी हात थरथरतो म्हणतात. माझा थरथरला नसता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. सर तयार झाले. पद्धत मी म्हणेन ती, हात त्यांचा.

सर्जन चिडलेच. "तुमच्या सुया टोचून होईपर्यंत माझ्या दोन केसेस उरकतात, मॅडम. गॅस द्या आणि मोकळे व्हा."

"तुमची आई असती तर?"

"माझी आई असती तर मी कापायलाच उभा राहिलो नसतो. तुम्ही तिथे कशाला येताय?"

 पण त्यांनी मायचं नाव यादीत पहिलं घातलं, तेही नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी, म्हणजे मागच्या कोणाचा खोळंबा नको. फटकळ माणसं अशीच हो म्हणतात.

मग बोरीला गेले, मायला समजावून सांगायला. माझ्या पेशंटांना मी दोन वाक्यांत उरकते. मायचं तसं चालत नाही. तिची शाळा फार झाली नाही, पण आमच्या घरात, विहारात, लहानपणापासून एकच गोष्ट डोक्यात भरली गेली, की कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानायचं नाही, आधी विचारायचं. तिने ते इतकं मनावर घेतलं की आमच्याकडे भाजीवालासुद्धा तिच्या 'काहून'ला घाबरतो. वांगी महाग काहून? लहान काहून? तू हसून काहून राह्यला?

ओसरीवर ती सोले काढत बसली होती, म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या.

"कापाचं तं कापा," माय म्हणाली. "पन मले निजवता काहून? शेजारनीचं पोट कापलं तवा तिले जागीच ठेवली होती. डॉक्टरसंग गोठी करत होती थे."

"तिचं कमरेखालचं होतं, माय. तुयी छाती हाय. तुले थोडं निजवाच लागते. पन निजवाचे बी प्रकार असते."

"कोनकोनते?"

आता सुटका नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडात आलं ते बोलून गेले. "शेतात जागल करते ना लोकं? डुकरं, रोही येऊ नये म्हनून माळ्यावर बसून रायते. तसे आपल्या आंगात जागले असते. रोगाची एखादी पेशी शिरली का धरते अन् मारते. ऑपरेशन झालं का थे चार-आठ दिस पेंगते. अन् गॅसची भूल नाई तं अफूची औषधं देली का अजून पेंगते, असं म्हनते."

"मंग गॅस नोको देऊ."

"थेच करून राह्यली ना मी. पाठीत सुया देऊन छाती बधिर करू. वरून झोपेचं पांढरं औषध, शिरेतून. त्यानं जागले जास्त पेंगत नाई."

मायने सोललेले दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "हे पक्कं हाय?"

"नाई."

"मंग करून काहून राह्यली?"

मी मूठभर सोले तोंडात टाकले. कच्चे सोले गोड लागतात, आणि तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

तेवढ्यात बाबांनी पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आजाराचं ऐकून. पण ते म्हणाले, "दुसरा शब्द नाई भेटला तुले? जागल म्हनून राह्यली, आपल्या घरात?"

माझी जीभ चावली गेली. बाबांचे आजोबा गावाची जागल करायचे. जात म्हणून वाट्याला आलेलं काम होतं ते. गाव निजलं की हातात काठी घेऊन फिरायचं, कुणाच्या खळ्यावर चोरी झाली की शिव्या आपण खायच्या, आणि सकाळी दारोदार शिळ्या भाकरी मागायच्या. धम्म घेतला तेव्हा बाबांच्या वडिलांनी गावकीची सगळी कामं सोडली, त्यात पहिली ही. काठी चुलीत घातली म्हणतात. 'आता दुसऱ्याच्या झोपेसाठी आपल्या घरातला माणूस जागणार नाही', हे वाक्य बाबांनी आम्हाला पाढ्यांच्याही आधी शिकवलं. आमच्या शेतात डुकरं शिरली तरी बाबा माळ्यावर गेले नाहीत. कुंपण घातलं, नुकसान सोसलं, पण जागल केली नाही.

"चुकलं, बाबा," मी म्हटलं.

"हं," म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उचलला. पण पान काही उलटलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मायच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, हिरवा गाऊन घातला. ट्रॉलीवरून थिएटरात नेलं. मी टोपी-मास्क लावून तिच्या उशाशी उभी होते. वॉर्डबॉय आत आला आणि सवयीप्रमाणे त्याने विचारलं, "आज भूल कोणाची?"

सर काही बोलायच्या आतच टेबलावरून मायचा आवाज आला. "भूल कोनाचीच नाई, बाप्पा. गाठ हाय थे. आपोआपच आली."

 सर हसले, सिस्टर हसली, हात धूत असलेले सर्जनसुद्धा हसले. मायला कळेना आपण काय विनोद केला. मीही हसले, मास्कच्या आत. नुसता आवाज निघाला, मागे काही नव्हतं.

सरांनी तिला कुशीवर वळवून पाठीत सुया दिल्या, कण्याच्या बाजूला, जिथून बरगड्यांच्या नसा निघतात तिथे. घाई नाही, गडबड नाही. मायने विचारलंच, "इतल्या काहून?" सर म्हणाले, "तुमच्या पोरीची इच्छा." मग ती म्हणाली, "अर्ध्या छातीले मुंग्या आल्या." मग तो भाग तिचा राहिला नाही. शिरेतून पांढरं औषध सोडलं, तिचे डोळे जड झाले, आणि माझं बोट धरलेली तिची मूठ सैल झाली. इतक्या लोकांच्या मुठी सैल होताना मी पाहिल्या आहेत. ही तशीच झाली.

मी एसी कमी करायला लावला, कारण थंडीनेही त्या पेशी मंदावतात. सर्जनच्या कपाळावर घाम आला, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सिस्टरला तो टिपायला सांगितला. बाकी ऑपरेशनमध्ये सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि घडू नये अशीच आमची इच्छा असते. शेवटी स्टीलच्या ट्रेमध्ये ते ठेवलं. ज्याच्यावर मी वाढले ते. मी पाहिलं. काहीतरी वाटायला हवं, असं वाटलं. तेवढंच वाटलं. मग मी स्क्रीनकडे बघत राहिले, नाडी चांगली होती.

बाहेर पॅसेजमध्ये बाबा उभे होते. बाकडं रिकामं होतं तरी उभे. सर्व ठीक झालं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि तिथेच उभे राहिले.

बाबांची दुपारची झोप गावात प्रसिद्ध आहे. जेवण झालं की माणूस बसल्या बसल्या घोरतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर ग्रामसभेत ठराव वाचता वाचता. दवाखान्यात दुसऱ्या दुपारी सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, तुमचे बाबा निजतच नाहीत. काल आल्यापासून डोळा लावला नाही. बसा म्हटलं तर बसत नाहीत, बसलं का झोप लागते म्हणतात. पडले-बिडले तर दुसरा पेशंट होईल."

मी गेले. ते मायच्या खोलीच्या दाराशी भिंतीला खांदा लावून उभे होते. डोळे तांबारले होते. आत माय शांत झोपली होती. तिला दुखत फार नव्हतं, सुयांनी तेवढं काम नक्की केलं होतं.

"बाबा, थोडं निजा ना. मी हाय इथं."

"नाई."

"काहून?"

 ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हनली होती ना, तिचे जागले चार-आठ दिस पेंगते म्हनून? थे उठेपर्यंत कोनी तरी जागाले पायजे."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. कळलं तेव्हा मी डॉक्टरसारखी बोलले. "बाबा, तसं नसते थे. तुमी जागून तिच्या पेशीले काय होनार हाय?"

"मले मालूम हाय काई होत नाई म्हनून. पोट्ट्याईले विज्ञान शिकवलं मी जनमभर." त्यांचा आवाज चढला. "तुया सुयाईनं होते म्हनून तुले तरी कोठी पक्कं मालूम होतं? तुयी मायच बोलली ना, मंग करून काहून राह्यली. केलंच ना तू? मंग मले बी करू दे."

आयुष्यात नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही. मी दहावीला असताना शेजारणीने माझ्या कंपासपेटीत लिंबू ठेवलं होतं, ते त्यांनी तिच्यासमोर पिळून सरबत करून प्यायलं होतं. तो हा माणूस. आणि जी गोष्ट त्यांच्या घराण्याने काठीसकट चुलीत घातली, तीच ते आता एका भिंतीला टेकून करत होते. मी वाद घातला नाही. खाली जाऊन दोन चहा आणले, आणि आम्ही दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे राहून प्यायलो. माझा उपाय नुसता पुरावा नसलेला, त्यांचा तर पुराव्याच्या उलटा. पण चहा एकाच किटलीतला होता.

मायला सुट्टी होईपर्यंत ते जागले. अगदी सलग नसतील, माणूसच आहे. उभ्या उभ्या डुलक्या घेतल्या असतील. घरी परतल्यावर ओसरीवर आडवे झाले आणि दोन दिवस उठले नाहीत. माय म्हणाली, "ऑपरेशन माह्यं झालं का ह्याईचं?" आम्ही तिला काही सांगितलं नाही.

मग चांगले दिवस आले. औषधांनी गेलेले केस परत आले, जरा कुरळे. ती सोले काढू लागली, विहारात जाऊ लागली, भाजीवाल्याला छळू लागली. दर तपासणीला सगळं स्वच्छ. सर्जन भेटले की डोळे मिचकावत म्हणायचे, "तुमच्या सुया लागू पडल्या म्हणायच्या." मी हसून पुढे जायची. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तरी मनात, खोटं कशाला बोलू, मी त्या सुयांचे आभार मानत होते.

मागच्या हिवाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. ती म्हणाली, शेंगांचं पोतं उचललं म्हणून. मी म्हटलं, असेल. नागपूरला तपासलं, आणि मणक्यांत, बरगड्यांत, खुब्यात, सगळीकडे ते दिसलं. त्यातल्या एखाद्या पेशीने कधी उडी मारली असेल? त्या दिवशी टेबलावर, की त्याच्याही कितीतरी आधी, आम्हाला गाठ माहीत नव्हती तेव्हा? कोणी सांगू शकत नाही. रिपोर्ट हातात घेऊन मी गाडीत बसले होते आणि डोक्यात एकच आवाज येत होता, आज भूल कोणाची, आज भूल कोणाची. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

आता ऑपरेशन नव्हतं. थोडा किरणांचा शेक दिला, गोळ्या दिल्या, आणि त्याही एका मर्यादेनंतर थांबवल्या. तिला बोरीलाच राहायचं होतं. पुढच्या खोलीत पलंग आणला, उशाशी खुर्ची ठेवली. खुर्ची बाबांची. दुपारीसुद्धा ते तिच्यात ताठ बसलेले असायचे, डोळे उघडे. यावेळी मी कारण विचारलं नाही.

दुखणं साध्या गोळ्यांना बधेना तेव्हा मी नागपूरहून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. दुपारची वेळ होती, बाहेर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या त्यांचा तिखट वास येत होता. मी पाण्याचा पेला आणि गोळी तिच्यापुढे धरली. तिने गोळी घेतली, तळहातावर ठेवून पाहिली.

"हे कोनती?"

"मॉर्फिन. अफूची."

"तवा नाई देली."

इतक्या वर्षांनी तिच्या लक्षात होतं. मी तिच्याशी कधी खोटं बोलले नाही, तेव्हाही बोलले नाही. "तवा मुद्दामच कमी देली होती. ह्यानं बी जागले पेंगते, म्हनते."

"मंग आता काहून देऊन राह्यली?"

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, घाबरू नका, काही कळणार नाही. ते वाक्य तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. "तुले दुखू नये म्हनून," मी म्हटलं.

"बस, इतलंच?"

"इतलंच, माय."

पुढचा 'काहून' आला नाही. तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि पेला माझ्या हातात देत म्हणाली, "मंग निजू दे त्याईले. लय जागले बिचारे."

मला वाटलं ती आतल्या जागल्यांबद्दलच बोलतेय. पण तिने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. "तुमी बी निजा आता," ती बाबांना म्हणाली. "मले मालूम हाय तुमी दवाखान्यात काय करत होते थे. सिस्टरनं सांगतलं होतं मले, तवाच."

 बाबांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला. खुर्चीतून उठले, पलंगाच्या बाजूला जमिनीवर सतरंजी अंथरली आणि हाताची उशी करून आडवे झाले. थोड्या वेळात त्यांचं घोरणं सुरू झालं, ते जुनं, ग्रामसभेतलं. मायचेही डोळे मिटत आले. कपाळावरची आठी हळूहळू गेली.

भूल उतरताना आधी पायाची बोटं हलतात, मग दुखायला लागतं. मी पेला धरून तशीच उभी होते आणि मला दुखायला लागलं होतं, सगळीकडे, एकदम. आवाज होऊ नये म्हणून मी तोंडावर पदर दाबला. मग बाबांच्या खुर्चीत बसले. दोघंही झोपले होते, कोणीतरी जागायला हवं होतं.